चालकावाचून मालमोटार

धुळे शहराचे महत्त्व थोडक्यात समजून घ्यावयाचे असेल त्याने रस्त्यांचा नकाशा उघडावा. मुंबईहून आग्र्यास जाणारा जुना रस्ता आणि सुरतेहून जळगाव-नागपूरवरून पूर्व किनाऱ्याकडे जाणारा रस्ता हे दोन्ही येथे एकमेकांस छेदतात. सरकारने रस्त्यांचे क्रमांक बदलले, सुरतेच्या रस्त्याचा ६ जाऊन ५३ झाला. पण रहदारी तीच राहिली. रावेर-यावलची केळी, जळगावच्या गिरण्यांतील डाळ, खानदेशचा कापूस हे सारे याच रस्त्यांनी बाहेर जाते, आणि परमुलखातील लोखंड, खते, कापड याच रस्त्यांनी आत येते. या मालाच्या मागे एक माणूस रात्रभर जागत असतो. त्याला आपण ड्रायव्हर म्हणतो आणि बहुधा तेवढ्यावरच सोडून देतो.

हा माणूस उद्या मोटारीत नसला तर काय होईल, हा आजचा विषय आहे. कल्पनाविलास म्हणून तो निवडलेला नाही. अमेरिकेतील टेक्सास राज्यात डॅलस ते ह्यूस्टन या मार्गावर ऑरोरा नावाच्या कंपनीने २०२५ च्या वसंतात चालकावाचून मालमोटार प्रत्यक्ष व्यापारी भाड्यावर चालविली. अंतर सुमारे ३८५ किलोमीटर. म्हणजे मुंबईहून निघून धुळे ओलांडावे आणि शिरपूरच्या पुढे यावे, साधारण तितके. त्याच वर्षी या मोटारी रात्रीही धावू लागल्या, आणि पुढे फोर्ट वर्थ ते एल पासो या जवळजवळ दुप्पट-अडीचपट लांबीच्या मार्गावर त्यांचा विस्तार झाला. तेव्हा प्रश्न दूरचा असला तरी खोटा नाही.

येथपर्यंत मजल कशी आली ते आधी पाहू. २००४ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने मोजावे वाळवंटात विनाचालक गाड्यांची शर्यत लावली. मार्ग सुमारे २३० किलोमीटरांचा होता. एकही गाडी शेवटास पोहोचली नाही. सर्वांत पुढे गेलेली गाडी बारा किलोमीटरांच्या आत अडकून पडली. पुढच्याच वर्षी पुन्हा शर्यत झाली तेव्हा पाच गाड्यांनी मार्ग पुरा केला आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाची गाडी पहिली आली. एका वर्षात एवढा फरक पडलेला पाहून लोकांना वाटले की, आता दहा वर्षांत चालक इतिहासजमा होणार. तसे झाले नाही. २०१६ मध्ये कोलोरॅडोत बिअरच्या पन्नास हजारांवर डब्यांनी भरलेली मोटार सुमारे १९० किलोमीटर यंत्राने नेली. पण चालक मागच्या झोपण्याच्या जागेत बसलेला होता आणि पोलिसांच्या गाड्या सोबत होत्या. २०२० मध्ये स्टार्स्की ही या क्षेत्रातील कंपनी बंद पडली. २०२३ मध्ये वेमो या मोठ्या कंपनीने मालमोटारींचे काम बाजूला ठेवले आणि भाड्याच्या टॅक्सींवर लक्ष वळविले. टेक्साससारख्या सरळ, रुंद, कोरड्या रस्त्यांच्या प्रदेशातही वाळवंटातील शर्यतीपासून व्यापारी फेरीपर्यंत यावयास वीस वर्षे लागली, हे ध्यानात ठेवावे.

आता यंत्र चालते कसे? त्याला क्षणोक्षणी तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात : मी कोठे आहे, माझ्याभोवती काय आहे, आणि आता मी काय करावे.

पहिल्या प्रश्नासाठी उपग्रहाचा उपयोग होतो. पण उपग्रहाच्या सांगण्यात काही मीटरांची चूक असू शकते, आणि काही मीटरांची चूक म्हणजे मोटार रस्ता सोडून खड्ड्यात. म्हणून मार्गाचा अत्यंत बारकाईचा नकाशा आधीच यंत्रात भरून ठेवलेला असतो आणि समोर दिसणारे पूल, खांब, कठडे यांच्याशी तो ताडून यंत्र आपली जागा निश्चित करते.

दुसऱ्या प्रश्नासाठी त्याला तीन तऱ्हांची इंद्रिये दिलेली असतात. कॅमेरा रंग आणि पाट्या ओळखतो. रडार रेडिओलहरी सोडते. आगगाडी शिट्टी वाजवीत जवळ येते तेव्हा आवाज चढा वाटतो आणि पुढे निघून गेली की उतरतो, हे भुसावळच्या फलाटावर प्रत्येकाने अनुभवलेले असते. त्याच तत्त्वाने रडार समोरच्या वाहनाचा वेग सांगते, आणि धुके वा धूळ यांची त्यास फारशी अडचण होत नाही. तिसरे इंद्रिय लायडार. ते प्रकाशाचे सूक्ष्म ठोके फेकते आणि ते आपटून परत येण्यास किती काळ लागला ते मोजते. तीनशे मीटरांवरील वस्तूवरून प्रकाश सेकंदाच्या पाच लाखांशात परत येतो! असे असंख्य ठोके मोजून भोवतालचे एक आकारचित्र तयार होते, आणि त्याला रात्र व दिवस सारखेच.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. समोरची वस्तू काय आहे एवढे कळून भागत नाही. ती पुढच्या क्षणी काय करील हे ताडावे लागते. यंत्र हे लाखो उदाहरणांवरून शिकते. जे त्याने पुष्कळदा पाहिले त्यात ते निष्णात असते. जे क्वचितच पाहिले, तेथे ते गोंधळते. २०१८ मध्ये अमेरिकेतील टेंपी शहरात उबर कंपनीच्या प्रयोगातील गाडीने रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीस उडविले आणि ती मरण पावली. चौकशीत दिसून आले की, गाडीच्या इंद्रियांना ती स्त्री पाच सेकंदांहून अधिक आधी दिसली होती. पण ही वस्तू आहे, वाहन आहे की सायकल आहे, याविषयी यंत्राचा निर्णय बदलत राहिला, आणि त्यात वेळ निघून गेली.

आता हेच यंत्र जळगाव-धुळे रस्त्यावर आणून उभे करा. महामार्गाने शेत आणि गाव यांची फाळणी केलेली आहे. पलीकडे जाण्याची सोय दूरवर, म्हणून दुचाकीस्वार उलट्या बाजूने येतो. कापसाने फुगलेला ट्रॅक्टर मागच्या दिव्यावाचून अंधारात चाललेला असतो. बंद पडलेल्या मोटारीच्या मागे दगड आणि झाडाची फांदी ठेवलेली असते, आणि मोटार दुरुस्त होऊन गेली तरी दगड तेथेच राहतात. आपल्या चालकाला ही फांदी वाचता येते. ती त्याची लिपी आहे. यंत्राला ती अजून शिकवावयाची आहे. भोपाळसारख्या ठिकाणी आपल्याकडील तरुण अभियंते आपल्या रस्त्यांवर असे प्रयोग करीत आहेत, ही आनंदाची गोष्ट; पण प्रयोग आणि रोजचे भाडे यांत मोठे अंतर असते.

मग व्यापाऱ्यास या यंत्राची ओढ का वाटावी? त्याचे उत्तर केळीच्या घडात सापडेल. रावेरहून दिल्ली सुमारे अकराशे किलोमीटर. वाटेतील घाट, नाके, गावे धरून ताशी सरासरी ४० किलोमीटर पडले तर चाकावरचेच सत्तावीस-अठ्ठावीस तास होतात. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाचा दिवस आठ तासांचा ठरविला. लांबच्या मार्गांवर तो परवानगीने दहा तासांपर्यंत नेता येत असे. म्हणजे एका माणसाने तो कायदा पाळून ही फेरी केली तर तिसरा दिवस उजाडत असे. केळी तितकी थांबत नाहीत आणि बाजारभाव तर मुळीच थांबत नाही. तेव्हा एक तर दोन चालक ठेवावेत, नाही तर एकाने झोप मारावी. त्यातही हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच लागू होत असे. एक-दोन मोटारींचा मालक, जो पुष्कळदा स्वतःच चालक असतो, तो त्याच्या बाहेरच राहत असे. यंत्राला झोप येत नाही, हे त्याचे खरे आकर्षण आहे.

सुरक्षिततेचा हिशेबही यंत्राच्या बाजूने मांडता येतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने मोटार दर सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. अडथळा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत थकलेल्या माणसाला दीड सेकंद लागला, तर ३३ मीटर काही न करताच गेले. त्यानंतर भरलेली मोटार थांबावयास, ब्रेक उत्तम असले तरी, आणखी साठ-सत्तर मीटर लागतात. यंत्र पहिले ३३ मीटर बहुतांशी वाचवू शकते. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. हा आकडा समोर असताना त्या ३३ मीटरांची किंमत कमी लेखून चालणार नाही.

मात्र उरलेले साठ-सत्तर मीटर यंत्राच्या हाती नाहीत. ते ब्रेकच्या, टायरच्या आणि भाराच्या हाती आहेत. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे मध्य प्रदेशाकडून येणाऱ्या एका मोठ्या मालमोटारीचे ब्रेक निकामी झाल्याचे सांगण्यात आले. ती पुढील वाहनांना ठोकरीत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसली आणि किमान दहा माणसांचे प्राण गेले. यात शास्त्राचा एक साधा हिशेब आहे. चाळीस टनांची मोटार ताशी ८० किलोमीटर वेगाने धावत असते तेव्हा तिच्यात जितकी ऊर्जा असते, तिच्या सुमारे चौपट ऊर्जा केवळ शंभर मीटर उंची उतरताना मोकळी होते. ती सारी ऊर्जा कोठे तरी जावयास हवी. इंजिनाच्या रोधाने, म्हणजे खालच्या गिअरमध्ये उतरून, ती थोपविली नाही तर सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन साठते, आणि तापलेला ब्रेक पकडत नाही. जुना चालक बिजासन घाट उतरण्यापूर्वीच गिअर बदलतो, जळक्या वासाने सावध होतो, वाटेत थांबून टायरवर हात ठेवून पाहतो. यंत्राला हे सारे शिकविता येईल. पण चाकाचे तापमान मोजणारे उपकरण बसविलेले नसेल, ब्रेकची दुरुस्ती टाळलेली असेल आणि मोटारीत मर्यादेबाहेर माल भरलेला असेल, तर चाकामागे माणूस असो की गणकयंत्र, परिणाम एकच.

श्रोतेहो, येथे माझ्या प्रतिपादनाचा मुख्य मुद्दा येतो. चालक हा नुसते चाक फिरविणारा नाही. तो मोटारीचा वैद्य आहे. हातोडीने टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखतो. तो मालाचा राखणदार आहे. पाऊस आला की ताडपत्री ओढतो, दोर आवळतो. तो मालकाचा मुनीम आहे. बिल्टी, वजनकाटा, टोल, डिझेल यांचा हिशेब त्याच्याकडे. अपघात झाला तर बहुधा पहिला मदतीला येणारा तोच, आणि कायद्यापुढे जबाबदार माणूसही तोच. या कामांपैकी एक काम यंत्राने उचलले आहे. बाकीची कोण करणार, याची व्यवस्था झाल्यावाचून चालक उतरवता येत नाही. अमेरिकेतसुद्धा याचा अनुभव आला. तेथे महामार्गावर मोटार बंद पडली की चालकाने उतरून मागे इशाऱ्याचे त्रिकोण ठेवावेत असा नियम आहे. विनाचालक मोटारीतून उतरणार कोण? कंपन्यांनी सूट मागितली आणि २०२४ च्या अखेरीस सरकारने ती नाकारली. पुढच्या वर्षी केबिनवरील चमकत्या दिव्यांना तात्पुरती मुभा मिळाली. आणि ऑरोराची पहिली फेरी होऊन काही आठवडेही लोटले नाहीत तोच, मोटार बनविणाऱ्या कारखान्याच्या आग्रहावरून, चालकाच्या जागी पुन्हा एक निरीक्षक बसविण्यात आला.

जबाबदारीचा प्रश्न तर आपल्याकडे अधिकच तीव्र आहे. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ च्या दुसऱ्या पोटकलमात, बेदरकारपणे वाहन चालवून कोणाचा मृत्यू घडविल्यानंतर खबर न देता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर चालकांनी चाके थांबविली आणि पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. थांबावे तर जमाव मारतो, पळावे तर कायदा मारतो, ही त्यांची तक्रार होती. १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली तेव्हा हे पोटकलम बाजूस ठेवण्यात आले. आता विचार करा, चाकामागे कोणी नसेल तर खटला कोणावर? मोटारमालकावर, यंत्र बनविणाऱ्यावर, नकाशा करणाऱ्यावर, की दूर कचेरीत पडद्यावर दहा मोटारींवर लक्ष ठेवणाऱ्या पगारी नोकरावर? टेंपीच्या घटनेत कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. गाडीत देखरेखीस बसलेल्या बाईवर झाला. तिचे लक्ष रस्त्यावर नव्हते हे खरेच. पण यंत्र चुकले तरी शिक्षा सर्वांत खालच्या माणसास, असा पायंडा पडणार असेल तर त्यास यांत्रिक प्रगती म्हणता येईल, न्यायाची म्हणता येणार नाही.

पोटाचा प्रश्न याहून मोठा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर येथे, चालकांच्या नोकऱ्या जातील म्हणून आपण विनाचालक गाड्या येऊ देणार नाही, असे स्पष्ट सांगितले. दुसरीकडे, चालक मिळत नाहीत अशीही ओरड सरकार आणि मोटारमालक दोघेही करतात. ही दोन विधाने परस्परविरोधी वाटतात. पण तशी ती नाहीत. काम करणारे पुष्कळ आहेत. हे काम करावे असे वाटणारे कमी झाले आहेत. महिन्यातील बहुतेक रात्री घराबाहेर, झोप अपुरी, अंघोळीची सोय नाही, वाटेत मान नाही. चालकाचा मुलगा चालक होऊ इच्छीत नाही यात त्याचा काय दोष? १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले. खानदेशातील मे महिना ज्याने पत्र्याच्या केबिनमध्ये काढला आहे, त्याला ही सुधारणा किती उशिरा आली ते विचारावे.

खानदेशाने वाहतुकीचा धंदा एकदा बदललेला पाहिला आहे. आगगाडीपूर्वी या मुलखातून मीठ आणि धान्य बंजाऱ्यांच्या बैलतांड्यांवर जात असे. १८६० नंतरच्या दशकात लोहमार्ग आला, आणि व्यापाऱ्याचे, शेतकऱ्याचे कल्याण झाले यात शंका नाही. कापूस मुंबईच्या बंदराशी जोडला गेला, भुसावळसारखे गाव उभे राहिले. परंतु पिढ्यान् पिढ्या वाट तुडविणाऱ्या त्या समाजाचा धंदा गेला, आणि त्याच्या पुढील सोयीचा विचार कोणी केला नाही. त्याची फळे त्या समाजाने फार काळ भोगली. नवे साधन आले याचे दुःख नको. जुन्या साधनावर जगणाऱ्यास विचारले नाही, याची आठवण मात्र ठेवावी.

तर मग खानदेशात काय व्हावे? विनाचालक मोटारी प्रथम कोठे यशस्वी झाल्या हे पाहिले की उत्तराची दिशा सापडते. ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागातील लोखंडाच्या खाणींत २००८ पासून अशा प्रचंड मोटारी चालविल्या जात आहेत. कारण तेथे रस्ता बंदिस्त आहे, परका माणूस वाटेत येत नाही. आपल्याकडेही खाणी, बंदरे, कारखान्यांची आवारे यांतच त्यांचा पहिला प्रवेश होईल. त्यानंतर कुंपण घातलेले द्रुतगती मार्ग. २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण खुला झालेला नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरांचा आहे आणि तो खानदेशाच्या दक्षिणेकडून जातो. लांबचा माल अशा मार्गांकडे वळला, तर धुळ्याच्या चौफुलीवरील टायरवाला, ढाबेवाला, गॅरेजवाला यांना त्याची झळ यंत्रमोटार येण्यापूर्वीच लागेल. या गोष्टीकडे नगरपित्यांनी आणि व्यापारी मंडळींनी आजच पाहावे.

पूर्वी टपालाची घोडी चौकीचौकीवर बदलत असत. परदेशातील या नव्या मोटारींची योजनाही तशीच आहे : शहराबाहेर तळ करावयाचा, तळापासून तळापर्यंतचा सरळ पल्ला यंत्राने न्यायचा, आणि गावातील अवघड वाटा माणसाने न्यायच्या. रावेरचा चालक केळी घेऊन धुळ्याच्या तळावर येतो, पुढची रात्र यंत्र जागते, आणि हा संध्याकाळी आपल्या घरी जेवतो, असे खरोखर घडणार असेल तर त्यास कोण नको म्हणेल? पण त्यासाठी तळ हवा, कुंपणाचा रस्ता हवा, आणि त्या चालकाला जवळच्या फेरीतही पोटापुरते मिळावयास हवे.

तोपर्यंत हीच विद्या चालकाच्या जागी न आणता त्याच्या हाताखाली आणता येते. समोर अडथळा येताच आपोआप लागणारा ब्रेक, चालकाचे डोळे मिटू लागताच वाजणारी घंटा, पट्टा सुटताच मिळणारा इशारा ही उपकरणे त्याच संशोधनातून निघाली आहेत, आणि मोठ्या वाहनांना ती सक्तीची करण्याचा मसुदा केंद्र सरकारने २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या जोडीला घाटाच्या माथ्यावर ब्रेकची तपासणी, उतारावर सुटलेली मोटार वाळूत रुतून थांबावी अशी बगलवाट, ट्रॅक्टरला मागचे दिवे, आणि ज्या गावाचे शेत महामार्गाने तोडले त्या गावाला पलीकडे जाण्याचा भुयारी मार्ग, एवढे झाले तर पळासनेरसारखे प्रसंग कमी होतील. गंमत अशी की, यंत्राला धावता यावे म्हणूनही नेमके हेच करावे लागणार आहे. तेव्हा ही मागणी चालकासाठी म्हणून आजच करावी. यंत्र आले तर त्याला रस्ता तयार मिळेल; आणि ते यावयास आणखी वीस वर्षे लागली तरी तेवढी वर्षे आपली माणसे जिवंत घरी येतील.